नुसतं विचारलं

बाहेरच्या खोलीतलं बोलणं एकदम बारीक झालं, तेव्हा विष्णुपंत सरमंडलांनी हातातला पेपर आवाज न करता मांडीवर ठेवला.

दर गुरुवारी दुपारी त्यांच्या घरी त्यांच्या बायकोकडे, मुक्ताकडे, गोधडी शिवायला बायका जमत. मुक्ता धरून पाच जणी. त्या मोठमोठ्यानं बोलत, हसत, सुई हरवली म्हणून सतरंजी झटकत. आतल्या खोलीत पलंगावर बसलेल्या विष्णुपंतांना त्यातला शब्द न् शब्द ऐकू येई. ते ऐकत नसत, म्हणजे कोणी विचारलं असतं तर त्यांनी तसंच सांगितलं असतं. पण आज सुलभा म्हणाली, "अक्का, जरा हळू," आणि मग नुसती कुजबुज. "चार दिवस" एवढं कळलं. "नर्मदेच्या अंगाला" असं काहीतरी. आणि शेवटी मुक्ताचा आवाज, "त्यांना मी सांगेन. माझ्या पद्धतीनं सांगेन."

'त्यांना' म्हणजे आपल्याला, हे समजायला विष्णुपंतांना वेळ लागला नाही.

सत्तावीस वर्षं ते उज्जैनच्या एका कापड गिरणीत फाटकावर झडतीचे कारकून होते. पाळी सुटली की कामगार रांगेनं येत, दोन्ही हात बाजूला करून उभे राहत, आणि विष्णुपंत त्यांची कंबर, खिसे, जेवणाचा डबा, डोक्याचा फेटा चाचपत. कोणी पोटाला लांबच्या लांब मलमल गुंडाळून वर सदरा घाले. कोणी डब्याला दुहेरी तळ करून घेई. विष्णुपंतांनी कधी कुणाला शिवी दिली नाही, कधी हात उगारला नाही. त्यांचं एकच वाक्य असे, "नाराज मत होना भाई, पूछना मेरा काम है." कामगार त्यांना पाठीमागे 'एक्स-रे बाबू' म्हणत. गेल्या वर्षी गिरणी बंद पडली. शेवटच्या दिवशी कोणाची झडती झाली नाही. नेण्यासारखं आत काही उरलंच नव्हतं.

तेव्हापासून ते माधवनगरातल्या घरी होते. घरोघरी केबल आली होती, चौकाचौकात फोनचे बूथ झाले होते, आणि विष्णुपंत दिवसभर आतल्या खोलीत बसून पेपर वाचत.

जेवताना मुक्तानं विषय काढला.

"अहो, संक्रांत झाली की आम्ही ओंकारेश्वरला जाणार आहोत. चार दिवस."

"आम्ही म्हणजे?"

"गुरुवारच्या. अक्का, अलका, अपर्णा, सुलभा आणि मी."

"दर्शनाला?"

"दर्शन होईलच. पण गोधडी शिवायला."

विष्णुपंतांनी घास तसाच हातात धरला. "गोधडी शिवायला ओंकारेश्वरला? इथे सुई चालत नाही का?"

"इथे तासभर बसलं की कोणाची घंटी वाजते, कोणाच्या सासूची दवाईची वेळ होते. मोठी गोधडी अंथरायला कोणाकडे जागा पण नाही. तिथे धर्मशाळेत मोठं दालन आहे, नदीच्या अंगाला. अक्कांचा मोतीबिंदू वाढत चाललाय. त्यांना दिसतंय तोवर त्यांच्या देखत एक पूर्ण गोधडी व्हावी, काठापासून मधोमधपर्यंत. बस, एवढंच."

"हे पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आलं?"

"सगळ्यांच्याच."

"पण पहिल्यांदा बोललं कोण?"

मुक्तानं त्यांच्या ताटात भात वाढला. "आठवत नाही."

"आणि धर्मशाळा कोणाच्या माहितीची?"

"सुलभाच्या. ती खंडव्याची ना."

विष्णुपंतांनी मान हलवली आणि भात कालवला. सुलभा मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. नानाखेड्याकडच्या नव्या कॉलनीत एकटी राहायची. नवरा खंडव्याला होता, जिवंत होता, आणि ती इथे होती. का, ते तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. खंडव्याहून ओंकारेश्वर किती लांब असेल, याचा विष्णुपंत मनातल्या मनात अंदाज घेत राहिले. मुक्ता लग्नानंतर मुलीच्या, शर्वरीच्या, बाळंतपणाला भिलाईला गेली, तेवढी सोडली तर त्यांच्याशिवाय कधी कुठे राहिली नव्हती. आणि आता ती जाऊ का असं विचारत नव्हती. जाणार आहोत असं सांगत होती.

दुसऱ्या दिवशी मुक्ता दळण आणायला गेली तेव्हा त्यांनी ट्रंक उघडून पाहिली. जुनी लुगडी गेली होती, ते ठीक. पण एक जांभळी साडी, जी अजून नेसण्याजोगी होती, तीही जागेवर नव्हती. त्यांचे फाटकावरच्या नोकरीचे खाकी शर्टही नव्हते.

"माझे शर्ट?" त्यांनी संध्याकाळी विचारलं.

"गोधडीच्या आतल्या थरात घालतेय. घालता का आता तुम्ही ते?"

"नाही. नुसतं विचारलं."

चौकातला गोपाळचा फोनचा बूथ त्यांच्या रोजच्या वाटेवर होता. तिथे उभं राहून त्यांनी आधी हवापाण्याचं बोलून घेतलं, मग म्हणाले, "काकू आल्या होत्या का रे इकडे?"

"हो काका, ओंकारेश्वरला लावला होता ना फोन. धर्मशाळेत. दालन खाली आहे का, विचारत होत्या."

"आणखी काय?"

"आणखी काय, तारीख सांगितली."

सगळं जुळत होतं. विष्णुपंतांचा अनुभव असा होता की ज्याचं सगळं जुळतं, त्याचाच डबा उलटा करून पाहावा.

त्या आठवड्यात मुक्ता भैरवगढला गेली. विष्णुपंत मागच्या टेम्पोनं गेले. रंगाऱ्याच्या अंगणाच्या अलीकडे जेलची भिंत आहे, तिच्या सावलीत ते उभे राहिले. अंगणात नुकतंच छापलेलं ओलं कापड उन्हात पसरलं होतं. मुक्ता आणि सुलभा गोधडीचं अस्तर निवडत होत्या. कापड छापणारा म्हातारा छीपा एकेक तागा उलगडून दाखवत होता. तो काहीतरी म्हणाला. मुक्तानं लाल बुट्ट्यांचं एक कापड उचललं, नव्या नवरीसारखं डोक्यावरून घेतलं आणि हसली. सुलभाच्या खांद्यावर हात ठेवून, वाकून, डोळे पुसत हसली.

विष्णुपंत बराच वेळ बघत राहिले. असं हसताना तिला याआधी कधी पाहिलं होतं, ते त्यांना आठवेना.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "आज कुठे गेली होतीस?"

"भैरवगढला. अस्तर आणायला."

"कोणाबरोबर?"

"सुलभा होती."

"मग? काय काय झालं?"

"काय होणार? कापड घेतलं, आलो."

हसण्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. तिनं ते लपवलं, असं विष्णुपंतांच्या मनात पक्कं बसलं.

घड्याळाच्या टॉवरजवळ संध्याकाळी फिरायला आलेले अरविंदराव भेटले. हे अलकाचे यजमान, बँकेत होते, स्वभावानं मऊ. विष्णुपंत त्यांच्याबरोबर दोन फेऱ्या चालले.

"अलकाताई पण जाताहेत ना ओंकारेश्वरला?"

"हो, म्हणत तर होती."

"चांगलं आहे. तुम्ही चौकशी केलीच असेल."

"कसली?"

"नाही, मी नुसतं विचारलं. पाच बायका, बरोबर कोणी पुरुष नाही. धर्मशाळा त्या सुलभाबाईंच्या ओळखीची. त्यांचा नवरा तिकडे, त्या इकडे. आपल्याला काय पता."

अरविंदराव थांबले. "काही ऐकलंय का तुम्ही?"

"छे, मी कुठे काय म्हटलं," विष्णुपंत म्हणाले, आणि ते खरंच होतं.

पुढच्या गुरुवारी अपर्णा आली नाही. तिच्या सासूचा निरोप आला की मुलांच्या शाळेच्या परीक्षा आहेत, जमणार नाही. त्यानंतर अलका आली, पण दारातच उभी राहिली आणि म्हणाली की माईंची तबियत ठीक नाही, चार दिवस घर सोडता येणार नाही. माई म्हणजे अरविंदरावांची आई. त्याच माईंनी दुसऱ्या दिवशी विष्णुपंतांना ओट्यावरून खणखणीत आवाजात हाक मारली.

"विष्णू, इकडे ये. बायकोवर लक्ष आहे ना रे तुझं? ऐकलंस ना काय चक्कर आहे ते?"

विष्णुपंत ओट्याजवळ आले. "काय चक्कर?"

"अरे, त्या सुलभेच्या ओळखीचा कोणी माणूस येतो म्हणे त्या धर्मशाळेत. गोधडीचं नुसतं नाव आहे. आमच्या अलकाला तर मी साफ नाही सांगितलं."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणताहेत. अपर्णाच्या सासूला पण माहीत आहे."

"पण पहिल्यांदा कोण बोललं?"

"आता ते काय मी पाठ करून ठेवू?"

टॉवरजवळ आपण जे बोललो तेच फिरून, अंगापिंडानं भरून आपल्याकडे परत आलंय, हे विष्णुपंतांच्या लक्षात आलं नाही. त्यांना एवढंच वाटलं की आपली शंका खरी होती. उगाच का दोन घरांनी माघार घेतली असती? ते घरी आले, पाणी प्यायले, आणि मुक्ताला म्हणाले, "उद्या इंदूरला जायचंय. गिरणीच्या लोकांची मीटिंग आहे."

मुक्तानं वर पाहिलं. "बरं," ती म्हणाली. कुठे, कोणाबरोबर, कधी येणार, असं तिनं काहीच विचारलं नाही.

इंदूरला बस बदलून, बडवाह, मोरटक्का करत विष्णुपंत दुपारी ओंकारेश्वरला पोचले. धर्मशाळा घाटाच्या वरच्या अंगाला होती. मॅनेजर निमाडचा म्हातारा माणूस, दारात ऊन खात बसला होता.

"उज्जैन की कुछ बाइयाँ आने वाली हैं," विष्णुपंत म्हणाले. "मैं बस पूछ रहा हूँ."

"हाँ, गुदड़ी सीने वाली. हॉल रखा है उनके लिए. आइए, देख लीजिए."

दालन खरोखरच मोठं होतं. झाडलेलं होतं. नदीकडे उघडणाऱ्या खिडक्या होत्या, आणि एका कोपऱ्यात परिक्रमेला निघालेल्या दोन म्हाताऱ्या भाकरी खात बसल्या होत्या.

"साथ में कोई आदमी भी आ रहा है?"

"आदमी का क्या काम? नहीं तो." मॅनेजर जरा आठवून म्हणाला, "हाँ, एक बाई का फोन दोबारा आया था. पूछ रही थीं, अकेली औरत हो, महीना-दो महीना रहना चाहे, तो रख लेते हो क्या. मैंने कहा, परकम्मा वाली माताएँ रहती ही हैं, आप भी रह लेना. रसोई में हाथ बँटा देना."

"सुलभाबाई होंगी," विष्णुपंत म्हणाले. शेवटी दुहेरी तळ सापडला होता.

"नहीं नहीं. मुक्ताबाई. नाम दो बार बताया था उन्होंने."

विष्णुपंत खिडकीचा गज धरून उभे राहिले. खाली होडीवाले प्रवाशांना हाका मारत होते. मॅनेजरनं चहा विचारला, तो त्यांना ऐकू गेला नाही. परतीच्या बसमध्ये त्यांनी मनात प्रश्न जुळवायला घेतले, सत्तावीस वर्षं जुळवले तसे, आधी सोपा, मग आडवा, मग नेमका. पण प्रत्येक वेळी ते पहिल्या प्रश्नाशीच अडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ता तांदूळ निवडत बसली होती. ते समोर येऊन उभे राहिले.

"एकटी बाई महिना-दोन महिने राहू शकते का, असं धर्मशाळेत कोणी विचारलं?"

मुक्तानं एक खडा बाजूला टाकला. "म्हणजे तुम्ही इंदूरला नव्हता गेलात."

"कोणी विचारलं?"

"मी."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"जाणार आहेस तू? सोडून?"

"माहीत नाही," मुक्ता म्हणाली. "नुसतं विचारलं."

विष्णुपंत खाली बसले. मुक्ताचा हात ताटात फिरत होता, पण ती आता तांदूळ पाहत नव्हती.

"अलका आणि अपर्णा का येत नाहीत, ते मला कळलंय. अरविंदराव अलकाला बोलले, अलकानं काल मला सांगितलं. रडत होती. आता सगळा मोहल्ला सुलभाकडे वेगळ्या नजरेनं बघतो."

"मी काहीच म्हटलं नव्हतं, मुक्ता."

"तुम्ही कधीच काही म्हणत नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी शेजारी हळदीकुंकवाला गेले होते. आल्यावर तुम्ही विचारलंत, एवढा वेळ का लागला. मी सांगितलं. मग कोण कोण होतं, ते विचारलंत. मग काय काय बोलणं झालं. मला इतकं बरं वाटलं होतं. वाटलं, नवरा किती आस्थेनं विचारतो. शर्वरीला पण तुम्ही तसंच विचारायचात. ती भिलाईहून फोन करते तो तुम्ही घरात नसताना करते, माहीत आहे तुम्हाला?"

विष्णुपंतांना ते माहीत नव्हतं.

"हळूहळू मी कुठे जायच्या आधीच उत्तरं तयार करायला लागले. भाजी घ्यायला गेले तरी, मेथी निवडता निवडता मनात तुमचं उत्तर तयार. तीस वर्षं झाली. मी काही लपवत नाही हो. लपवायला माझ्याकडे आहे काय? पण मला एकदा असं कुठेतरी राहून बघायचंय, जिथे संध्याकाळी कोणी काही विचारणार नाही."

तिनं ताट उचललं आणि ती आत गेली. विष्णुपंतांना राग आला नव्हता. आपण तिला नक्की काय केलं, याचा ते विचार करत होते, आणि त्यांना एकही असा प्रसंग आठवत नव्हता ज्याच्यावर बोट ठेवता येईल. सगळे प्रश्न साधे होते. कोणीही विचारले असते असे.

संक्रांत झाली. जायच्या सकाळी मुक्तानं कापडाचं बोचकं दाराशी आणून ठेवलं, शेजारी आपली बॅग ठेवली. विष्णुपंत चपला घालत होते. नानाखेड्याच्या बस अड्ड्यापर्यंत पोचवायला येतो, असं ते म्हणाले होते. सवयीनं त्यांची नजर बॅगेवर गेली आणि तिथे जरा थांबली. तेवढंच झालं.

मुक्तानं ते पाहिलं. ती खाली बसली, बॅगेची चेन तिनं शेवटपर्यंत उघडली, बोचक्याची गाठ सोडली. मग उभी राहिली आणि दोन्ही हात अंगापासून लांब केले. ती चिडलेली नव्हती. गिरणीतून सुटलेली, दमलेली माणसं उभी राहत, तशी ती उभी होती.

"बघून घ्या," ती म्हणाली. "मला बसची घाई आहे."

विष्णुपंतांना तिच्याकडे बघवेना. ते खाली वाकले. गाठ बांधायचा प्रयत्न केला, पण ती सैलच राहिली. शेवटी तिनंच गाठ मारली, चेन लावली. रिक्षात तिनं त्यांना बसा म्हटलं नाही आणि ते बसले नाहीत.

तिघीच गेल्या. अक्का, सुलभा आणि मुक्ता.

ठरलेल्या दिवशी विष्णुपंत नानाखेड्याला दुपारपासून उभे होते. इंदूरच्या तीन बसगाड्या आल्या आणि रिकाम्या झाल्या. चौथीतून सुलभा उतरली, तिनं हात धरून अक्कांना उतरवलं. विष्णुपंत बसच्या दाराकडे बघत राहिले. कंडक्टरनं दार आपटून बंद केलं.

"ती राहिली," अक्का म्हणाल्या. अक्का सत्तरी ओलांडलेल्या. डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलेला, त्यामुळे त्या विष्णुपंतांकडे न बघता त्यांच्या खांद्यावरून कुठेतरी बघून बोलत. "गोधडी झाली नाही पुरी. पाच जणींचं काम, तिघींनी किती होणार. अर्ध्यापर्यंत आलीय. मला तर आता काठसुद्धा दिसत नाही, नुसता हातानं लागतो. मुक्ता म्हणाली, तुम्ही जा, मी पुरी करून येते."

विष्णुपंतांच्या ओठांवर प्रश्न आला. कधी येते म्हणाली? काय काय बोलली? कोण आहे तिच्याबरोबर? तो ओठांवरच राहिला.

सुलभानं त्यांना नमस्कार केला. "काका, काकू तब्येतीनं छान आहेत," एवढंच ती म्हणाली. ज्या बाईविषयी त्यांनी चार ठिकाणी विचारलं होतं, तिला स्वतःला त्यांनी आजवर एकही प्रश्न विचारलेला नव्हता. तो चेहरा त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिला. दमलेला होता, प्रवासानं धुळकटलेला, आणि त्यांच्याशी बोलताना थोडा घाबरलेला.

"चला, टेम्पोपर्यंत येतो," ते म्हणाले, आणि त्यांनी अक्कांचा हात धरला.

मग ते दिवस सुरू झाले.

"काकू दिसत नाहीत?" दूधवाल्यापासून गोपाळपर्यंत सगळे विचारत. विष्णुपंत म्हणत, "ओंकारेश्वरला आहे. गोधडी शिवतेय." ऐकणारा म्हणे, "अच्छा, अच्छा," आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी हलून स्थिर होई. ते हलणं विष्णुपंतांना चांगलं ओळखीचं होतं, मात्र आजवर विचारणारे ते स्वतः असत. माईंनी ओट्यावरून विचारलं, "भांडण झालं का रे?" अरविंदरावांनी टॉवरजवळ फेऱ्या मारता मारता विचारलं, "सगळं ठीक आहे ना? नाही, नुसतं विचारलं." विष्णुपंत प्रत्येकाला तेच उत्तर देत. उत्तर खरं होतं आणि कोणाचाच त्यावर विश्वास नव्हता. एका माणसानं पुन्हा विचारलं म्हणून त्याला त्यांनी दोनदा सांगितलं, तर तो म्हणाला, "बाबूजी, आप नाराज मत होना." त्यानंतर विष्णुपंतांनी संध्याकाळचं फिरणं बंद केलं.

एका सकाळी दार वाजलं. अलका होती. हातात जुन्या साड्यांचं गाठोडं.

"काका, हे मुक्ताताईंना पोचवाल का? अस्तर पुरेल, पण आतलं कापड कमी पडत असणार. आम्ही दोघी देणार होतो ते राहूनच गेलं. यात अपर्णाचं पण आहे." तिनं काही विचारलं नाही. "मला जाता येत नाही हो," असं म्हणून ती वळली.

विष्णुपंतांनी ते गाठोडं दिवसभर खुर्चीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ते निघाले.

धर्मशाळेच्या दालनात गोधडी अंथरलेली होती. लाल बुट्ट्यांचं अस्तर एका कडेनं उलटून वर दिसत होतं. टाके काठापासून आत आत, एकाआड एक, चौकोनामागून चौकोन करत मधल्या भागाकडे सरकले होते. मुक्ता एका बाजूला बसली होती. दुसऱ्या बाजूला परिक्रमेच्या दोन म्हाताऱ्या आणि एक तरणी निमाडी बाई, पदर खोचून टाके घालत होत्या. त्या कोण, कुठल्या, इथे कशा बसल्या, हे विचारण्यासारखं होतं.

विष्णुपंत उंबऱ्यापाशी उभे राहिले. मुक्तानं वर पाहिलं. तिचा चेहरा उन्हानं रापला होता. तिच्या नजरेत आश्चर्य नव्हतं. ती थांबली होती, आता प्रश्न येईल म्हणून.

"अलकानं पाठवलंय," ते म्हणाले. "तिचं आणि अपर्णाचं."

"ठेवा तिथे."

त्यांनी गाठोडं ठेवलं. ती अजूनही बघत होती. विष्णुपंतांनी प्रश्न विचारला नाही. बोलायला दुसरं काही त्यांना सुचतही नव्हतं. तीस वर्षांत त्यांनी तिच्याशी प्रश्नांशिवाय फारसं बोलणं केलंच नव्हतं. ते उंबऱ्यावर, चपलांच्या शेजारी बसले आणि नदीकडे तोंड केलं.

थोड्या वेळानं मुक्ता उठून आली. तिच्या हातात दोऱ्याचं रीळ होतं आणि कापडाच्या तुकड्याला टोचलेल्या सुया.

"या दोघी म्हाताऱ्यांना दिसत नाही, मला पण आता त्रास होतो," ती म्हणाली. "शेवटची बस किती वाजता आहे तुमची?"

"पाचची."

"तोवर एवढ्या ओवून ठेवा."

ती परत आपल्या जागी जाऊन बसली. विष्णुपंतांनी चष्मा पुसला. दोरा दातांनी तोडला, त्याचं टोक जिभेवर ओलं केलं, सुई नदीवरच्या उजेडासमोर धरली. दोरा बाजूनं गेला. त्यांनी टोक पुन्हा ओलं करून, बोटांनी वळून बारीक केलं, आणि श्वास धरून ते सुईचं नेढं शोधू लागले.